चेसीवरची बैलजोडी
माझ्याकडे रिमोटवर चालणारी गाडी एकच आहे, तिच्या बॉड्या मात्र सात. सेनगावकडच्या गोरेगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की माझा हाच उद्योग. गाडीची मूळ प्लास्टिकची बॉडी मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली. खाली उरते ती चेसी: चार चाकं, मोटर, बॅटरी आणि बोटभर सर्किट. तिच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या असतात. त्यांच्या मापाची भोकं पाडली आणि वरून पिना खोचल्या की त्या चेसीवर काहीही बसतं. मी सेनगावला जाणारी काळीपिवळी जीप बसवली, मागं लोंबकळणाऱ्या माणसांसकट. हळदीच्या पोत्यांची ट्रॉली बसवली. रील टाकायचो, लोक हसायचे, मी फुगायचो. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं बायको विचारायची. मला ते शोभतच होतं. शोभलं नाही ते वेगळंच.

आमच्या घरी आता बैल नाहीत. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा शेवटची जोडी विकली आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. त्यानंतरच्या पोळ्यांना माय पाटावर मातीचे बैल मांडून पूजा करायची. गल्लीतल्या जोड्या दारावरून जायला लागल्या की आत जाऊन चुलीपाशी बसायची. मला ते दिसत होतं, पण दिसलं म्हणून मी काही केलं असं नाही. गेल्या पोळ्याला चेसीवर बैलजोडी बसवायची ठरवली ती रीलसाठीच. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी मायसाठी केली.

थर्माकोल कोरून, वर कागदाचा लगदा चढवून दोन बैल केले. जीप चेसीवर सरळ बसते, पण बैलाला पाय असतात. ते टेकले तर गाडी अडते, फार वर राहिले तर बैल हवेत लोंबतात. खूर जमिनीपासून गव्हाच्या दाण्याएवढे वर ठेवण्यात तीन दिवस गेले. पुढची चाकं वळताना पायांना घासायची, म्हणून पाय आतून तासले. तरी बैलांची पोटं सर्किटच्या झाकणावर टेकून जोडी उंच राहायची. मग सर्किटवरचं झाकणच काढून टाकलं आणि ती बसवली.

"काय करून राहिला रं हे?" म्हणत माय एकदा शेजारी येऊन बसली ती रोजच बसायला लागली. "आपल्या उजव्याचं शिंग असं सरळ नव्हतं. कानाकडं वळलेलं व्हतं जरा." मी ते वळवलं. डाव्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका कुठं होता, तेही तिनंच बोट ठेवून दाखवलं. झुलीसाठी जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला. इतकी बोलत होती की मलाही उत्साह आला आणि मी हसत म्हणालो, "माय, यंदा आपले बैल दारात येणार बरं का! तयारी करून ठेव."

मी गंमत केली आणि तिनं खरंच तयारी केली.

पोळ्याच्या संध्याकाळी गावच्या जोड्या मारुतीला फेरी घालून परतल्या आणि त्यांच्यामागून माझी जोडी निघाली. गल्ली लोटली. मेहुणा मोबाईल धरून उलटा चालत होता, मी रिमोट धरून त्याच्यासमोर. दारात माय उभी. ठेवणीतलं लुगडं, एका हातात पुरणपोळीचं ताट, दुसऱ्या हातात तांब्या. बैल उंबऱ्यापाशी थांबले. दारात बैल आला की आधी त्याच्या पायांवर पाणी घालायचं, मग कुंकू, मग घास, ही आमच्याकडची रीत. माय वाकली आणि तांब्याभर पाणी त्या खुरांवर ओतलं.

खालून चर्र आवाज आला आणि जोडी जागच्या जागी बंद पडली.

"अक्कल हाय का न्हाई तुला?" मी भर गल्लीत ओरडलो. "पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात घातली! खेळणं हाय ते, बैल न्हाई!"

"दारात आले म्हनून घातलं, बाबा," माय म्हणाली. "बिगर पाण्याचं कसं घ्यावं आत?"

लोक खो-खो हसले. मायही हसली, तोंडाला पदर लावून, स्वतःलाच. ओट्यावर बसलेले वडील गुडघ्यावर हात देत उठले, तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेले. शिंग कुठं वळलेलं होतं हे तिच्याकडून ऐकताना मला ते बैल म्हणून चालत होते. पाणी पडल्याबरोबर ते खेळणं झालं.

जोडी उचलून मी दुकानात पळालो. पिना काढल्या, बॅटरी सोडवली, सर्किट पुसून गरम हवेवर वाळवलं. अर्ध्या तासात चाकं फिरली. काहीच जळलं नव्हतं. जळलं असतं तर बरं झालं असतं, ओरडण्याला काही निमित्त तरी उरलं असतं. झाकण काढणारा मीच, आणि अक्कल विचारली मायला, तीही सणाच्या दिवशी, चार लोकांत. मला माझीच इतकी लाज वाटली की दुकानातून बाहेर पडवेना. माफी मागावी असं वाटत होतं, पण मायची माफी कशी मागतात हे मला माहीत नाही. म्हणून जोडी घेऊन गेलो, पुन्हा दारात उभी केली आणि हाक मारली.

गल्ली तोवर पांगली होती. माय बाहेर आली. हातात ताट होतं, तांब्या नव्हता. उंबऱ्याच्या आतच थांबली आणि बैलांकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाली, "पाणी न्हाई आणलं. इथूनच ओवाळलं तर चालंल न्हं? बिघडणार न्हाई न्हं काई?"

तिला जवळ बोलवायचं आणि हातात तांब्या द्यायचा, एवढंच करायचं होतं मला. पण सर्किट आतून अजून ओलं असेल, पुन्हा पाणी पडलं तर जळेल, अशी शंका होती.

"चालंल," मी म्हणालो.