ओळखीचं कुणी नसलेलं गाव

मेधाताई जेवताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करत आणि जहाज बघत. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये बाकीचे लोक क्रिकेटचा स्कोअर बघायचे. या बाई निळ्या नकाशावरून मुंगीच्या गतीने सरकणारा एक हिरवा बाण बघायच्या. तो बाण म्हणजे त्यांचा नवरा. शिरीषराव मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि बायकोपासून वाण्यापर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणत. "आमचे चीफ पोर्तुगालच्या खाली आलेत," असं मला सांगून त्या लगेच युरोपात कुठे सालसा नाचाचा फेस्टिव्हल आहे ते शोधायला लागत.

मी त्या ऑफिसात नवीन होते. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. शनिवार-रविवारसाठी माणसं इथून फार तर मलेशियात जातात. मेधाताई नाचायला युरोपात जायच्या. "शुक्रवारी ऑफिसातून थेट चांगी विमानतळ, मंगळवारी चांगीहून थेट ऑफिस. रजा एका सोमवारची. यात न समजण्यासारखं काय आहे गं?" असं त्या इतक्या शांतपणे विचारत, की आपल्यालाच आपण मठ्ठ वाटावं.

खरं कारण एकदा एमआरटी ट्रेनमध्ये कळलं. मेधाताई पंचेचाळिशीनंतर सालसा शिकल्या आणि त्यात बुडाल्या. त्यांची एकच इच्छा होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातली निम्मी समुद्राने खाल्ली, तर एकदा तरी नवऱ्याबरोबर खऱ्याखुऱ्या फ्लोअरवर नाचायचं. चीफ सुट्टीवर आले की त्या मागे लागत आणि चीफ हात जोडत. "मेधा, सेरंगूनच्या मॉलमध्ये कोथिंबीर घ्यायला गेलो तरी तीन मराठी माणसं भेटतात. उद्या तीच विचारतील, काय चीफ, नाचता म्हणे?" शेवटी वैतागून ते बोलून गेले, "जिथं आपल्या ओळखीचं काळं कुत्रंही नसेल, तिथं नाचेन. एकदाच."

मेधाताईंनी ते 'एकदाच' घट्ट धरून ठेवलं. जहाज ज्या बंदरात लागणार, त्या गावात त्याच सुमारास फेस्टिव्हल असला की तिकीट काढलंच. हॅम्बुर्गला त्या पोचल्या आणि जहाजाने ते बंदरच गाळलं. व्हॅलेन्सियाला जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहिलं. किनाऱ्यावरून दिसत होतं, पण चीफ काही उतरू शकले नाहीत.

"मग रडलात?" मी विचारलं.

"रडले की. मग बूट घातले. तिकिटात नाच होता, रडणं नव्हतं."

त्यांचं हे वाक्य मी पुढे अनेक ठिकाणी वापरलं आहे, आणि दर वेळी माझं म्हणून खपवलं आहे.

मग रॉटरडॅम आलं. त्या फेरीनंतर जहाज दक्षिण अमेरिकेकडे वळणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी. क्लासातल्या ज्या मैत्रिणीबरोबर त्या जाणार होत्या तिचा पाय मुरगळला आणि मेधाताईंनी मला ओढलं. मला नाचता येत नाही, पण फिरायला कोण नाही म्हणतं! विमान बंगालच्या उपसागरावर आलं तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की मी मराठी आहे.

"अगं, तू तर ओळखीची!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी निकाल दिला, "तू आता तमीळ. सिंगापूरचीच. चीफसमोर मराठीत शिंकायचंसुद्धा नाही."

शनिवार गेला, जहाज आलं नाही. मेधाताई हसत नाचत होत्या, पण दार उघडलं की मान तिकडे वळायची. रविवारी दुपारी चीफ आले. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, चेहऱ्यावर परीक्षेला आल्याची कळा. मेधाताईंनी आधी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून त्यांच्या हातात दिली, मग डोळे पुसले. चीफनी पुडी पॅन्टच्या मागच्या खिशात कोंबली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"ऑफिसातली. मराठीचं अक्षर कळत नाही तिला."

मी गोड हसून "हॅलो" म्हटलं. मग चीफ माझ्यादेखत बिनधास्त बोलू लागले. "मेधा, इंजिन रूममध्ये पाणी शिरलं तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो. कंट्रोल रूममध्ये व्हिडिओ लावून रोज प्रॅक्टिस केली गं. हाताखालच्या पोरांना सांगितलं, डॉक्टरने व्यायाम सांगितलाय." माझे कान तापले, पण मी तमीळ होते.

ते नाचायला लागले. दोनदा पाय तुडवला, तिसऱ्यांदा जमलं. मेधाताईंचा तेव्हाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मग चीफनी मोठ्या हौसेने गिरकी घेतली आणि खिशातली पुडी फुटली. त्यांच्यामागे फ्लोअरवर पिवळी रेघ उमटत चालली. घरी भाजून दळलेलं मेतकूट, अर्ध्या जगावरून आणलेलं! मला राहवेना. मी जोरात ओरडले, "अहो चीफ, मेतकूट सांडतंय!"

चीफ जागच्या जागी थांबले. मेधाताईंचा रंग उतरला. संपलं सगळं, आणि तेही माझ्यामुळे, असं मला वाटलं.

चीफ माझ्याकडे आले. "कुठल्या तुम्ही?"

"कोथरूड," मी पुटपुटले. "आता सिंगापुरात, बुकित पंजांग."

"म्हणजे आमच्याच भागातल्या." त्यांनी तिथल्या माणसाकडून झाडू मागून घेतला. डेकवर तेल सांडलं तर चीफ ते तसं ठेवून पुढे जात नसणार. त्यांनी सगळा फ्लोअर स्वच्छ झाडला, झाडू परत दिला, उरलेलं मेतकूट माझ्या हातात ठेवलं आणि बायकोपुढे हात केला. "बघायचं ते हिने बघितलंच आहे. चल, पहिल्यापासून."

मग जहाजावर परतायची वेळ होईपर्यंत दोघं नाचत होते.

गेल्या महिन्यात ती दोघं कायमची पुण्याला गेली. निरोपाला बुकित पंजांगच्या त्यांच्या इमारतीखाली आम्ही सगळे जमलो होतो, ओळखीची यच्चयावत मराठी माणसं. कुणीतरी गाणं लावलं. चीफनी बायकोचा हात धरला, मध्यभागी आले आणि गर्दीत कुणाला तरी शोधू लागले.

"मेतकूटवाल्या बाई आल्यात का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

मी मागून हात वर केला.

"मग हरकत नाही," असं म्हणून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.