किल्ली डॉक्टरांकडे, चौकट माझ्या डोक्यावर

अकरा एप्रिल, २००२. धारवाड. आभाळ स्वच्छ, वारा पश्चिमेचा, सकाळी आठलाच घाम फुटेल असा उकाडा.

चहा गार करू नका, पिता पिता ऐका. स्वतःला काटेकोर समजणारा माणूस माती खातो तेव्हा तीसुद्धा नीट मोजूनमापून खातो. त्या दिवशी मी ती खाल्ली.

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. शिक्षण मॅट्रिक. बाकीचं वाचून, विचारून आणि बिघडवून शिकलो. हुबळीच्या एका हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांचं एक काम माझ्याकडे आलं होतं. मेंदूत खोलवर गाठ असते, तिच्यात बारीक नळीतून औषध सोडायचं. नळी सूतभर सरकली की औषध भलतीकडे. म्हणून रोग्याच्या डोक्याभोवती एक कडं चार स्क्रूंनी घट्ट बसवायचं आणि त्या कड्यावर नळीला वाट दाखवणारी कमान चढवायची. कडं आणि कमान मिळून झाली चौकट. ही चौकट परदेशात मिळते. ती आपल्याकडे होईल का, एवढाच प्रश्न होता.

पहिला नमुना सरकला. डॉक्टर म्हणाले, "असं करा की माझ्या परवानगीशिवाय स्क्रू मागे फिरता कामा नये."

आता मला असं सांगावं का? मी स्क्रूंना दातेरी चाकं आणि खिट्ट्या बसवल्या. स्क्रू बोटांनी पुढे फिरतो, कट्‌ कट्‌ वाजतो, पण किल्लीशिवाय एक दातसुद्धा मागे येत नाही. किल्लीचं टोक असं घासलं की दुसरं कुठलंही हत्यार चालू नये. किल्ली एकच केली, कारण दोन असल्या की एक भलत्याच्या हाती जाते. आदल्या दिवशी ती किल्ली आणि कमान डॉक्टरांच्या हाती दिली. कडं शेवटचा हात फिरवायला घरी आणलं.

त्या दिवशी दुपारी एकला बेंगळूरहून मोठे डॉक्टर येणार होते. त्यांनी मान हलवली तर आमची चौकट पुढे जाणार, नाही तर परदेशी मागवणार. माझी तीन वर्षं त्यांच्या मानेवर होती म्हणा ना.

सकाळी अंघोळ करून बसलो आणि मनात शंका आली. आजवर सगळ्या चाचण्या प्लास्टरच्या डोक्यावर घेतल्या. प्लास्टरला कातडी कुठे असते? कातडी सरकली तर?

घरात कातडीवालं डोकं एकच मोकळं होतं.

स्क्रूंच्या टोकांना रबराच्या टोप्या घातल्या, कडं कपाळावर चढवलं, मान हलवली. जरासं सरकलं. एक कट्‌. पुन्हा हलवली. अजून किंचित. आणखी एक कट्‌, चारी बाजूंनी. मग मान झटकली, वाकलो, उड्या मारल्या. कडं जागचं हललं नाही! काय आनंद झाला म्हणून सांगू. धावत स्वयंपाकघरात गेलो आणि आमच्या हिला दाखवलं.

तिने भाकरी उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "छान बसलंय. काढायचं कसं?"

तेव्हा मला किल्ली आठवली.

ती म्हणाली, करवतीने कापा. मी म्हटलं, आज दाखवायचं तेच कापू? नवी किल्ली घासायला संध्याकाळ झाली असती. हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फोनवरच्या मुलीला सावकाश, एकेक शब्द सुटा करून निरोप दिला: धारवाडहून निघतोय, चौकट डोक्यावर बसली आहे, ती काढायला डॉक्टर लागतील. निरोपात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी कोण, तेवढं सांगायचं राहिलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळून बस पकडली. तरी स्क्रू चारी बाजूंनी बाहेर. सगळी बस उभी राहून मला जागा देऊ लागली, पण शेजारी कोणी बसेना. अखेर एक म्हातारी अक्का बसली. कुणी बसवलं हे, तिने विचारलं. मी म्हटलं, मीच बसवलं. का? हलतंय का ते बघायला. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि कंडक्टरला खुणेने जवळ बोलावलं. पुढे काय बोलणं झालं कळलं नाही, पण जिथे थांबा नाही अशा हॉस्पिटलच्या फाटकाशी बस थांबली आणि दोघांनी मला दंडाला धरून उतरवलं.

फाटकात चाकाची खुर्ची तयार होती. निरोप पोचला होता ना!

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर शांतक्का. आवाज असा की आजार घाबरून जावा. मी म्हटलं, सिस्टर, मी पेशंट नाही, ही चौकट मी तयार केली आहे.

"असू दे की अण्णा. कालचा म्हणत होता, हे हॉस्पिटल त्यानं बांधलंय."

"अहो, खरंच सांगतो."

"तोही खरंच सांगत होता. सुम्न कूड्री, गप्प बसा बघू. आज तारीख काय?"

इथे मी शहाणपणा करायला नको होता. नुसती तारीख सांगितली असती तर सुटलो असतो. पण सवय! मी तारीख सांगितली, आभाळ सांगितलं, वाऱ्याची दिशा सांगितली. शांतक्कांनी मान डोलावली. म्हणून मी पुरावा द्यायला लागलो. दातेरी चाक, खिट्टी, दातांचा कोन, रबराची टोपी, प्लास्टरला कातडी का नसते, सगळं क्रमाने सांगितलं. मी जितकं नेमकं बोलू लागलो तितका त्यांचा चेहरा मायाळू होत गेला.

"घरचं कोण आलंय बरोबर?"

"कोणी नाही."

"सांगून निघालात?"

"हो. ती म्हणाली, करवतीने कापा."

शांतक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हाक मारली, "यल्लप्पा, ये रे. याला आधी घे."

यल्लप्पा म्हणजे ऑपरेशनच्या आधी रोग्यांचं डोकं भादरणारा. त्याचा हात हलका आणि स्वभाव गप्प. कड्याच्या वरचे केस ओले करून त्याने उजवीकडून सुरुवात केली. मी बोलत होतो, तो काढत होता. मी उठायला गेलो तर म्हणाला, "हलू नका अण्णा, वस्तरा आहे." बरोबरच होतं त्याचं. मी हललो नाही.

उजवी बाजू साफ झाली आणि आमचे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांना घेऊन वॉर्डात शिरले. आमचे डॉक्टर मला पाहून दारातच थिजले. मोठ्या डॉक्टरांना मी कोण हे ठाऊक नव्हतं. ते सरळ माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी कडं धरलं आणि डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हिसके दिले. माझी मान गेली, खांदे गेले, एकदा तर मी अख्खा खुर्चीसकट गेलो. कडं तसूभर हललं नाही.

"कुणी बसवलं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"आणि पेशंट कोण?"

शांतक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

आमच्या डॉक्टरांनी कोटाचे खिसे चाचपले. किल्ली केशवापुरात, त्यांच्या घरी, कालच्या शर्टात. माणूस पाठवला. तो येईपर्यंत यल्लप्पाने विचारलं, अर्धं ठेवू की पुरं करू. मी म्हटलं, पुरं कर.

किल्ली दुपारी पावणेतीनला आली. मोठ्या डॉक्टरांनी जाण्यापूर्वी शेरा लिहिला: "चौकट मंजूर. किल्ल्या दोन कराव्यात. चाचणी एका रुग्णावर पाहिली. रुग्ण अखंड बडबडत होता, तरी चौकट हलली नाही."