वखारीतली विहीर

अकोल्यात कापसाला सोन्याचे दिवस आले तेव्हा मी नवी सून होते. परमुलखात कुठेतरी लढाई जुंपली होती, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला मागणी आली, एवढंच आम्हाला कळायचं. सासूबाई आणि मी एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापसातला पालापाचोळा निवडायला जायचो.

वखारीच्या आवारात विहीर होती. पूर्वी ती साऱ्या वस्तीची. व्यापाऱ्याने कुंपण घातलं आणि विहीर आत गेली. कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवाल्या शेतकऱ्यांना ओसरीवर जेवण मिळे, त्यांच्या बैलांना पाणी. आम्ही बाया तहान लागली की उन्हातून मोर्णा नदीच्या पात्रापर्यंत जायचो.

फाल्गुनात एक ओली बाळंतीण काम करता करता कोसळली. सासूबाई मुकादमाला म्हणाल्या, "तिले घोटभर पानी दे."

"थे पानी बैलाईसाठी हाय."

सासूबाईंनी हातातला कापूस खाली टाकला आणि मांडी घालून बसल्या. "मंग बैलाईकूनच निवडून घे."

एकेक करत आम्ही सगळ्या बसलो. मी सासूबाईंना लागूनच बसले.

व्यापारी धावत आला. "उद्या दुसऱ्या बाया आणतो!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात ओसरीवरचा एक म्हातारा शेतकरी ताटावरून उठला. आमच्याशी कधी न बोलणारा माणूस. हात धुऊन म्हणाला, "आना. पन आमच्या गाड्या खाली होनार नाई. काऊन, तर माही सूनई अशीच ओली बाळंतीण हाय घरी." बाकीचे गाडीवालेही जेवण सोडून त्याच्यामागे उभे राहिले.

भरल्या गाड्या फाटकात अडकल्या, रस्ता तुंबला. दुपार कलायच्या आत व्यापाऱ्याने विहिरीकडचं कुंपण काढायला लावलं. बाळंतिणीला पहिलं पाणी सासूबाईंनी पाजलं. आमच्यातल्या गावकुसाबाहेरच्या बायांना मात्र त्या दिवशीही वरूनच ओंजळीत पाणी मिळालं. ते मला टोचलं, पण मी माझं पाणी पिऊन कामाला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एक मुकादमाला म्हणाली, "आमाले बी पोहरा पायजे." ती बसली, तशा आम्हीही बसलो. ते भांडण पुढे दोन हंगाम चाललं आणि त्यांच्या हाती पोहरा आला.

मधल्या काळात गाडीवाल्यांनी अमरावतीची खबर आणली, तिथल्याही वखारीत बाया बसल्या म्हणून. तेव्हाही आम्ही पोहऱ्यासाठी बसलोच होतो. सासूबाई खुदकन हसल्या आणि मला म्हणाल्या, "सरक जराशी, सावलीत येऊ दे मले."