लाल पेन्सिल खाली ठेवली तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं बहुतेक न सांगताच कळतं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

इंदिरानगरात आमचं छोटं ड्रॉइंग ऑफिस होतं. कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढून द्यायची, हे काम. मालक अण्णा, तीन पिढ्यांपासून बेंगळुरूत मुरलेले मराठी, बोलण्यात मधूनच कानडी शब्द. मी हेड ड्राफ्ट्समन. माझी रेघ, माझं अक्षर — सांगू का? — अण्णा गिऱ्हाइकांना मुद्दाम माझ्या ड्रॉइंग बोर्डापाशी घेऊन यायचे. बावीस वर्षं प्रत्येक ड्रॉइंग मीच तपासलं. बरोबर मापावर पिवळी खूण, चुकीच्या मापाभोवती लाल गोल, मग कोपऱ्यातल्या चौकटीत सही. माझ्या सहीशिवाय कागद बाहेर जात नसे.

नव्वदीच्या सुरुवातीला अण्णांनी एक कॉम्प्युटर आणला, आणि तो चालवायला नागपूरहून आलेली वृंदा. तेवीस वर्षांची. मला काका म्हणायची, माझा चहा झाकून ठेवायची. तिला नावं ठेवायला जागाच नव्हती — त्याचाच राग यायचा, हे कुणाला सांगणार?

एकदा अण्णा तिच्या खुर्चीमागून ओरडले, "जोशी, इकडे या हो स्वल्प! तुमचं तीन दिवसांचं काम पोरीनं जेवायच्या आत संपवलं!" तुमचं — असं म्हणाले. गिऱ्हाईकही तिच्याच मागे उभं. माझ्या बोर्डाकडे कुणी वळलंसुद्धा नाही. मी जळलो. दुसरा शब्द नाही. तिच्या स्वच्छ रेघांवर जळलो, तिच्या वयावर जळलो.

मग ब्रॅकेटचं काम आलं. मोठं गिऱ्हाईक. हे जमलं तर आणखी तीन कॉम्प्युटर घ्यायचे, आम्हा सगळ्यांना शिकवायचं, असं अण्णांनी ठरवलं होतं. ब्रॅकेट दोन — एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. वृंदानं डावा काढला आणि आरशात दिसावा तसा उलटवून उजवा करून घेतला. पण एक भोक उलटायचं राहिलं, जुन्याच बाजूला बसलं.

"पाहून द्या न काका," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं की मला टेन्शन नाही राहत."

पाहिलं. नजर चुकली असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही — पहिल्या मिनिटातच दिसलं. लाल पेन्सिल हातात होती. ती खाली ठेवली. पिवळी उचलली आणि त्या भोकाच्या मापावर खूण केली. मग सही — नेहमीपेक्षा जरा सुबकच.

माल बनला, बसेना, सगळा भंगारात गेला. "कॉम्प्युटरच्या रेघा इतक्या स्वच्छ, नजर फसली," असं मी म्हणालो. बावीस वर्षांत न चुकलेला माणूस — कोण शंका घेणार? वृंदा रडली. माझ्या सहीला बट्टा लावला म्हणून तिनं माझीच माफी मागितली, आणि आठवड्याभरात नोकरी सोडून गेली. अण्णांनी कॉम्प्युटर विकला. "सरी, असू दे, आपले बोर्डच बरे," म्हणाले. मला किती बरं वाटलं त्या दिवशी! पुढे गिऱ्हाइकं फ्लॉपीवर ड्रॉइंग मागू लागली. आमच्याकडे द्यायला काय होतं? दोन वर्षांत ऑफिसला कुलूप लागलं. सात जणांची नोकरी गेली, माझीही.

दशक सरता सरता वृंदाचं पत्र आलं. बेंगळुरूतच, हेब्बाळला, तिनं स्वतःचं ऑफिस काढलं होतं, उद्घाटन काकांच्याच हातून हवं होतं. गेलो. बारा कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाशेजारी एक पिवळी पेन्सिल, एक लाल.

तिनं सगळ्यांना सांगितलं, "माझ्या एका चुकीपायी काकांचं ऑफिस बंद पडलं. तेव्हापासून काकांसारखं तपासल्याशिवाय मी एकही कागद बाहेर जाऊ देत नाही."

माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मी हात जोडून त्या घेतल्या. आणि तेव्हाही — तिच्या त्या बारा कॉम्प्युटरांकडे बघत — मी जळतच होतो.