कलमनानांचा नाल्याचा कायदा

कलमनाना घरात भाजी मागायचे तीसुद्धा कलमवार. "कलम एक, भाजी वाढ. कलम दोन, मीठ जास्त झालं हाय, पन त्याबद्दल तक्रार नाई." शांताकाकू त्यांच्यापुढे पातेलं आदळायच्या आणि म्हणायच्या, "कलम तीन, आपल्या हातानं घ्या." नाना मान डोलवून घ्यायचे. समोरच्याने मुद्देसूद उत्तर दिलं की हरल्याचंही त्यांना समाधान वाटायचं.

नाना आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेले शेतकरी, आणि त्यांचा दुसरा धंदा अर्जनवीसाचा. कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली पेटी आणि छत्री मांडून त्यांनी उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिले. "उपरोक्त" आणि "सबब" हे दोन शब्द तर ते घोटून घोटून लिहायचे. पण मनात एक सल होती. "हजारो कागद लिवले म्या," ते म्हणायचे, "पन एखांदा कागद सोताच्या पायानं चालताना दिसला पायजे मले." हे ते हसत सांगायचे, आणि मला मात्र ऐकताना वाईट वाटायचं.

गावाखालून नाला जातो, तो पुढे यशोदा नदीला मिळतो. त्यात एक डोह होता. मी त्यात पोहायला शिकलो, म्हणजे नानांनी मला त्यात ढकललं. पुढे दोन्ही अंगांच्या वावरांतली माती दर पावसाळ्यात येऊन डोह बुजत गेला, आणि मातीबरोबर युरियाही आला. पाणी असं हिरवं झालं की म्हशी तोंड फिरवू लागल्या. नाना दरवर्षी डोहाच्या मधोमध उभे राहून खोली पाहायचे. पाणी छातीवरून कमरेला आणि कमरेवरून गुडघ्याला आलं. लोक म्हणत, "पानी तेवढंच हाय नाना, तुमीच उंच झाले."

एकदा देवळीच्या बाजारात भजी बांधून मिळालेल्या कागदावर नानांना बातमी सापडली. शेतातली माती आणि खत नदीत जाऊ नये म्हणून कुठल्याशा देशाने कायदा केला होता. देशाचं नाव तेलात बुडालं होतं. तो तुकडा घेऊन नाना वर्ध्याला माझ्या घरी आले. "पाह्य, तिकडं कायदा हाय. मंग आपल्याकडं काऊन नाई?"

"नाना, कायदे विधानसभेत होतात," मी म्हणालो.

"मंग ग्रामसभेत काय भजे तळते?"

त्यांनी आठ दिवसांत मसुदा केला. नाल्याकाठी पाच हात पट्टा नांगरायचा नाही, तिथे गवत राहील. आभाळ भरून आलं असताना युरिया फेकायचा नाही. पेरणी उताराला आडवी करायची. शिक्षा पैशांची नाही. ज्याच्या वावरातली माती वाहून नाल्यात आली, त्याने अकरा घमेली गाळ भरून डोक्यावरून आपल्या वावरात परत नेऊन टाकायचा. ग्रामसेवक म्हणाले, याला ठराव म्हणा, कायदा म्हणता येत नाही. नाना म्हणाले, "तुमी ठराव लिहा. मी कायदा वाचतो."

ग्रामसभेत चर्चा झाली ती फक्त व्याख्यांवर. आभाळ भरलं हे ठरवायचं कोणी? नानांकडे उत्तर तयार होतं. मारुतीच्या पारावरून टेकडी दिसेनाशी झाली की आभाळ भरलं असं समजण्यात यावं. मग कोणीतरी विचारलं, पाच हात म्हणजे हात कोणाचा? इथे नानांची थोडी गडबड झाली. समोर ग्रामसेवक बसले होते, त्यांना नानांनी एकदा नजरेने मापलं आणि लिहून टाकलं, हात म्हणजे कार्यरत ग्रामसेवकाचा हात. ग्रामसेवक अंगाने अगदीच लहान होते. शेतकऱ्यांनी आनंदाने हात वर केले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

उन्हाळ्यात ग्रामसेवकांची बदली झाली. नवीन आले ते दारातून वाकून आत येणारे. ते पट्टा मोजायला नाल्यावर गेले तेव्हा अर्धा गाव त्यांच्या हाताकडे बघत मागून चालत होता. सरपंच नानांकडे गेले, "नाना, हाताचं काही तरी करा." नाना म्हणाले, "कायदा मानूस पाहून बदलत नाई." मग ते घरात गेले आणि काकूंना ही हकीकत सांगताना त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पण फसले नानाच. त्यांचं वावर रस्त्याला लागून, आणि कपाशीचे तास, म्हणजे ओळी, रस्त्यापासून थेट नाल्यापर्यंत उतरत गेलेले, दोरीत ओवल्यासारखे सरळ. बसमधले लोक खिडकीतून पाहतात अशी नानांची समजूत होती. बस वावराजवळ आली की ते धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. आता आडवी पेरणी केली तर रस्त्यावरून ते तास वाकडेतिकडे दिसणार. नानांनी जीव घट्ट करून मागचं वावर आडवं पेरलं, आणि रस्त्याकडच्या दर्शनी पट्टीत मात्र तास जुन्यासारखेच उतारावर सोडले. पहिल्याच दणक्या पावसात ती पट्टी धुऊन निघाली. तिथे मांजर लपेल एवढी घळ पडली आणि माती नाल्यात गेली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत कायदा मोडणाऱ्यांची नावं वाचायची होती. थोडंफार प्रत्येकाने मोडलं होतं, त्यामुळे सगळे एकमेकांकडे पाहत होते. पहिलं नाव कोणी घ्यायचं? मी मागे बसलो होतो आणि मला वाटलं, हाही कागद आता जागीच बसणार. नाना उठले. चष्मा लावला आणि वाचू लागले, "गैरअर्जदार क्रमांक एक." पुढे त्यांनी स्वतःचं संपूर्ण नाव, वय, धंदा आणि पत्ता वाचला. मग कागदावरून मान वर करून विचारलं, "गैरअर्जदाराले काही म्हननं मांडाचं हाय काय?" थोडं थांबून स्वतःच उत्तर दिलं, "नाई. गुन्हा कबूल हाय. तास सरळ दिसावे म्हनून केलं."

सभा हसून लोटपोट झाली. पण नाना तसेच निघाले आणि घमेलं घेऊन नाल्यात उतरले. झेंडावंदनाचे स्वच्छ पांढरे कपडे, डोक्यावर काळा गाळ. सहाव्या घमेल्याला लोकांचं हसणं थांबलं. सरपंच पुढे झाले, "बस झालं नाना, माफ केलं."

"माफीचं कलम मी लिवलं नाई," नाना धापा टाकत म्हणाले, आणि सातवं भरू लागले. अकरावं टाकून ते धुऱ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे जण कोणी न सांगता आपापली घमेली घेऊन नाल्यावर आले. नानांना ही बातमी मी सांगितली. ते टोपी काढून उगीच झटकत बसले.

मागच्या हिवाळ्यात ते दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "कागद घे, एक दुरुस्ती लिही." मी लिहिलं: ठराव मांडणारा मयत झाला, एवढ्या सबबीवर ठराव निकाली काढण्यात येऊ नये. मी म्हणालो, "नाना, असं काय लिहायला सांगता?" ते म्हणाले, "जल्मभर पाह्यलं मी. अर्जदार गेला का कागद बी जाते त्याच्यासंगं. तू हे वाचजो सभेत." चार दिवसांनी ते गेले. मी ते सभेत वाचलं. हात सगळ्यांनी वर केले.

या पावसाळ्यात सरपंचांचा फोन आला. मी वर्ध्यात बसून फोनवर ट्रॅक्टर ठरवला होता आणि ट्रॅक्टरवाल्याने माझा गवताचा पट्टा पार नाल्यापर्यंत नांगरून टाकला होता; तिथली माती पावसात वाहून नाल्यात आली होती. यादीत नाव एकच, माझं. "तू नोकरीवाला मानूस," सरपंच म्हणाले, "जमलं तं येजो, नाई तं पाहू पुढच्या साली." नाना असते तर असं कोणी म्हटलं नसतं. आता विचारायला कोण होतं? फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण क्षणभर सुटल्यासारखं झालं होतं.

रविवारी सकाळच्या बसने गेलो. धुऱ्यावर शांताकाकू छत्री उघडून बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं होतं की त्या आपणहून आल्या होत्या, कोण जाणे. चौथ्या घमेल्याला माझी मान आणि पाठ दोन्ही बोलू लागल्या. पाचवं मी अर्धंच भरलं. काकूंनी मला वाटेत थांबवून घमेल्यात डोकावून पाहिलं.

"हे मोजलं नाई," त्या म्हणाल्या, "भरून आन."

मी परत नाल्यात उतरलो.