ठेच्याचा दगड

आईला इथेच ठेवून घ्यायचं, हे मी ठरवलं होतं. आईने ठरवलं नव्हतं, एवढाच घोळ होता. बाबा गेल्यापासून ती साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि मी, तिची एकुलती एक मुलगी, इकडे लंडनच्या हॅरोमध्ये. तिने फोन उचलायला जरा उशीर केला की माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणून तिला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. पुढे कायमचं राहण्यासाठी काय करावं लागतं ते वकिलाला विचारून ठेवलं. तिने फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि ती दर वेळी म्हणायची, "बघू."

दिवसभर मी आणि नवरा ऑफिसात. ती खिडकीशी बसून समोरच्यांचे कचऱ्याचे डबे बघायची. झोप लागत नाही म्हणायची. माझ्या मिक्सरमधल्या ठेच्याला नावं ठेवायची. "याला ठेचा म्हणतात होय? नुसता चिखल केलायस." एकदा जेवताना तिने विचारलं, या देशात डब्यांखेरीज बघण्यासारखं काही आहे का?

नवऱ्याला तेवढंच निमित्त पुरलं. तो पुण्याचा, कॉलेजात असताना दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारा. त्याने स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरची ट्रिप शोधली. ज्वालामुखीतून झालेलं बेट, सोबत गाइड, दिवसभर चालणं आणि रात्री जंगलात तंबू. मी भडकलेच. पासष्टी उलटलेल्या बाईला तंबूत झोपवणार? आई म्हणाली, "जाऊ या की. जावई एवढं म्हणतायत तर." माझ्या कुठल्याच बेताला ती इतक्या पटकन हो म्हणाली नव्हती. मला राग आला, आणि आशाही वाटली. निदान हा देश तिला आवडला तर पुढचं बोलणं सोपं जाईल असा मी हिशेब केला.

गाडीने जायला दीड दिवस लागला. गाइड तिथलीच, पन्नाशीची, दणकट पायांची आणि कमी बोलणारी बाई होती. आमच्यासोबत कार्डिफचं एक निवृत्त जोडपं होतं. आईने नऊवारी नाही तरी पाचवारी नेसलीच, वर माझा फ्लीस, पायात ट्रेनर्स. तिथे चिलटांचा सुळसुळाट. गाइडने प्रत्येकाला डोक्यावरून घ्यायची जाळी दिली. आईने आधी पदर घेतला आणि मग त्यावर जाळी घातली. मला हसू आलं, पण चिलटं चावली नाहीत ती फक्त तिलाच.

पाऊलवाट एका ओढ्याच्या काठाने वर जात होती. एका ठिकाणी कडा उघडा पडला होता, काळा, थरावर थर. गाइडने सांगितलं की लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थंड झाला, त्याचे हे थर. कार्डिफचे काका फोटो काढू लागले. मी आईला सगळं मराठीत समजावलं. ती कड्यावरून हात फिरवत म्हणाली, "हे काय मला सांगतेस. आपल्या खंबाटकी घाटात गाडी बंद पडली की हेच तर बघत बसायचं." नवरा हसला. मी नाही हसले. एवढं पेट्रोल जाळून आलो ते खंबाटकी बघायला, असं मला झालं.

झाडी दाट होती, सगळी उंच सूचिपर्णी झाडं, खाली नुसतं शेवाळ. मोकळ्या जागेत तंबू लावले. गाइडने पास्ता शिजायला ठेवला. तेवढ्यात आईने पिशवीतून मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे काढले. ते तिने हॅरोहून आणले होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती ओढ्यात उतरली आणि दगड निवडू लागली. एक उचलायची, तळव्यावर तोलायची, परत ठेवायची. शेवटी एक मुठीत मावणारा गुळगुळीत काळा दगड तिला पसंत पडला. गाइडच्या तव्यात तिने मिरच्या भाजल्या आणि सगळ्या कँपला ठसका लागला. मग एका सपाट कातळावर पाणी ओतून, घासून, मांडी घालून तिने ठेचा केला. मी लाजेने अर्धी झाले होते. पण कार्डिफच्या काकांनी तो पास्त्याला लावून खाल्ला, कान लाल झाले तरी परत मागितला, आणि गाइडने तर कातळाला चिकटलेलाही पुसून खाल्ला. आई वाढत होती, आग्रह करत होती, थेट मराठीत. साताऱ्यात पंगतीला ती अशीच असायची. इथे आल्यापासून मी तिला तशी पाहिलीच नव्हती, आणि पाहून फार बरं वाटलं.

उन्हाळ्यामुळे उजेड लवकर जाईना. तरी आई तंबूत शिरली ती आडवी झाल्या झाल्या घोरू लागली. सकाळी उठून म्हणाली, "मस्त झोप लागली गं." तो दगड तिने धुऊन बाजूला ठेवला होता. मला गाइडला विचारायला लावलं, की हा नेला तर चालेल का. गाइड म्हणाली, ओढ्यातला एखादा न्यायला हरकत नाही. आईने तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, राहतेय ही. हॅरोच्या किचनसाठी कोणी दगड उगाच नेतं का?

घरी आल्यावर ती मलाच ठेचायला बसवू लागली. ऑफिसातून दमून यावं तर ही ओट्याशी दगड घेऊन तयार. "मनगट सैल सोड. आपटू नकोस, रगड." मी वैतागायचे, पण मनातून खूश होते. वकिलाला फोनही केला.

मग एका रविवारी तिने कपाटावरची बॅग खाली काढायला सांगितली. परतीचं तिकीट होतं त्याच तारखेला ती जाणार होती. मी खूप बोलले, रडलेही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. मला इतका संताप आला की मी किचनमधून तो दगड आणला आणि बॅगेत टाकला. म्हटलं, हाही घेऊन जा तुझा.

तिने तो बाहेर काढून माझ्या हातात दिला. "अगं, साताऱ्यात दगडांना काय तोटा आहे? हा तुला घेतला."

"म्हणजे तिथेच ठरवलं होतंस?"

"ठरवायचं काय त्यात? मी आलेच होते परत जायला."

बॅगेची चेन लागत नव्हती. ती म्हणाली, वर बस जरा. मी दगड हातात धरून बॅगेवर बसले आणि तिने चेन ओढली.