होळीच्या पोळ्या आणि चँपियन

दोन भाकऱ्या झाल्या की चँपियन ताटावर हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "बस अक्का, वजन." तिसरी भाकरी तव्यावर टम्म फुगलेली असली तरी त्या हाताला ओलांडून ती कधी ताटात पडली नाही. जेवताना स्वतःवर पहारा ठेवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती आवडत नाहीत. पण हे बारा महिने माझ्याकडे जेवायचे, त्यामुळे माझ्या आवडीला कोण विचारतो?

बरकतपुऱ्यात आमची खाणावळ होती. खाली स्वयंपाक, वर भाड्याच्या दोन खोल्या. त्यातली एक त्यांची. नोकरी सिकंदराबादच्या एका वर्कशॉपात, आणि बॉक्सिंगमध्ये आपल्या वजनाच्या गटाचे सहा वर्षं चँपियन. मूळचे आमच्याच नांदेडकडचे. लग्न केलं नाही. गल्लीतला दूधवाला, समोरची तेलुगू बाई, सगळे त्यांना चँपियनसाब म्हणायचे. नावाने कुणीच हाक मारली नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. दोन धडधाकट माणसांनी एकमेकांची तोंडं फोडायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, यातली मजा मला कधी कळली नाही. आमच्या ह्यांना मात्र भारी वेड. एकदा मलाही घेऊन गेले. समोरचा पडला तेव्हा चँपियन वाकून त्याला उठवत होते, तेवढं पाहिलं. बाकी वेळ मी पदर डोळ्यांवर धरून बसले होते.

सातव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये एक डावखुरा फिटर वर आला. तेलुगू माणूस, अंगाने काटकुळा, पण ज्याच्याशी लढला त्याला पाडलं. लोक म्हणायला लागले, आता याची आणि चँपियनची गाठ पडू द्या. चँपियन म्हणायचे, बोटाला लागलंय. मग म्हणायचे, ड्यूटी बदलली आहे. तो बिचारा स्वतः घरी यायचा, तारीख मागायला. एकदा चँपियन वर गच्चीवर, आणि मला सांगून ठेवलं होतं की घरी नाहीत म्हणून सांगा. मी त्याला म्हटलं, "वर आहेत, पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय." तो हसला. जेवून गेला. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

शेवटी स्पर्धाच अशी आली की दोघांचं नाव एकाच गटात. होळीनंतर दोन दिवसांनी. त्यांच्यात सकाळी आधी काट्यावर उभं करतात आणि वजन जास्त भरलं तर त्या गटात लढू देत नाहीत. म्हणून महिनाभर आधी चँपियन उकडलेलं खायचे, मीठसुद्धा मोजून.

त्या होळीला मी नेहमीसारखी पुरणपोळी केली. त्यांच्यासाठी भाकरी वेगळी थापून ठेवली होती. ते खाली आले आणि म्हणाले, पोळी वाढा. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, माणसाचं मन होतं. दोन खाल्ल्या, तिसरी मागितली, वर तूप मागितलं. हात आडवा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शिळ्या पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या. स्पर्धेच्या सकाळी माठाजवळ उभं राहून तांब्यावर तांब्या पाणी प्यायले. मी भांडी घासत होते. पाहत होते. आणि मला काही कळलं नाही.

वजन जास्त भरलं. वरच्या गटात एक जागा रिकामी होती, तिथे त्यांना घातलं. तिथले गडी त्यांच्यापेक्षा थोराड. नाक फुटलं, एक दात गेला, पण शेवटची लढत जिंकून आले. आता सांगा, भित्रा माणूस असं करेल का? खालच्या गटाचा चँपियन डावखुरा झाला. पण लोक त्याला चँपियन म्हणेनात. खऱ्याने सोडलं म्हणून याला मिळालं, असं म्हणायचे.

आणि गल्लीत काय झालं, तर सगळं माझ्यावर आलं. अक्काच्या पोळ्यांनी घोळ केला. हे सांगत कोण होतं, तर चँपियनच, फुटक्या नाकाने हसत. आमच्या ह्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला.

महिन्याभराने डावखुरा आला. बसला नाही. त्याने मला विचारलं की पोळ्या तुम्ही आग्रहाने वाढल्या की त्यांनी मागितल्या. मी म्हटलं, मागितल्या, आणि सकाळी पाणीही प्यायले. तो म्हणाला, हे चार लोकांत सांगाल? मी म्हटलं, नाही, मला भाडेकरू ठेवायचा आहे. तो गेला. मी बरोबर केलं की चूक, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

चँपियनना मात्र सोडलं नाही. म्हटलं, माझं नाव का खराब केलंत? ते म्हणाले, "अक्का, तुमचं नाव चार दिवस जाईल. माझं गेलं असतं तर कायमचं." मी आठ दिवस त्यांचं जेवण बंद केलं.

पुढे काही वर्षांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले डावखुऱ्याशी सगळं उलटं पडतं, हात कुठून येतो ते दिसत नाही. म्हणजे भीतीच. पण निवृत्त झाल्यावर तिसरंच सांगितलं. जिंकलो असतो तर लोक म्हणाले असते, तो कच्चा होता. हरलो असतो तर सहा वर्षं पुसली असती. मग लढायचं कशासाठी? भांडी घासेपर्यंत मला ते पटलं. भांडी पालथी घालेपर्यंत पटेनासं झालं. कारण डावखुऱ्याचं काय? त्याने काय घोडं मारलं होतं?

आमचे हे गेले, खाणावळ बंद झाली. चँपियन वरच राहिले. गेल्या वर्षी ते वारले. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला डावखुऱ्याला फोन करायला लावला.

तो आला. केस पांढरे, शुगर, गुडघे गेलेले. चँपियन खुर्चीवरून उठले. व्हरांड्यात त्याच्यासमोर उभे राहिले, दोन्ही मुठी हनुवटीजवळ धरल्या आणि म्हणाले, "आ जा. आज खाली हूँ." खाली म्हणजे मोकळा. मस्करी नव्हती. मी त्यांचं तोंड पाहिलं, त्या सकाळी काट्यावर जाताना असायला हवं होतं तसं होतं.

डावखुऱ्याने हात खिशातून काढलेच नाहीत. मग म्हणाला, "नक्को उस्ताद. इत्ते बरस मैं समझता रहा कि मैं जीतता. अब लड़ा तो वो भी जाइंगा."

आणि जिना उतरून गेला, एकेक पायरी, कठडा धरून.

इतकी वर्षं मी चुकवणारा एकच धरून चालले होते. आता कोण कुणाला चुकवत होतं, मला सांगता येणार नाही. तुम्हाला कळत असेल तर चांगलंच आहे.

चँपियन मुठी धरून तसेच उभे. समोर कुणी नाही, आणि हात खाली कधी घ्यायचे ते त्यांना कळेना. मीच पुढे होऊन ते खाली घेतले.